फर्स्टक्लास!

गेल्या पावसाळ्यात सहावीच्या मुलांना मी 'माझी आजी' हा निबंध घातला होता. वह्या तपासताना एका वाक्यापाशी माझा हात थांबला. 'माझी आजी बांगड्याचा तिकला फर्स्टक्लास करते.' मी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात 'उत्तम' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला.

"गुरुजी, उत्तम नाय. माझी आजी फस्कलासच करता!"

वर्ग हसला, मीही हसलो. पण संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर फेरफटका मारताना तो शब्द काही माझी पाठ सोडीना. हा पाहुणा आपल्या घरात शिरला कुठून? आणि इतका घरचा झाला कसा?

शब्द आला तो माणसांची वर्गवारी करीत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि आगगाडीबरोबर पहिला, दुसरा, तिसरा असे वर्गही रुळांवरून धावू लागले. गादी पहिल्याला, गर्दी तिसऱ्याला! 1857 साली मुंबई विद्यापीठ निघाले. 1862 मध्ये तेथून जे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि आमच्या मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. पुढे परीक्षांनीही माणसांना वर्ग वाटून दिले. कचेरीत गेलात तर तेथे फर्स्टक्लास मॅजिस्ट्रेट बसलेला! तेव्हा हा शब्द मुळात कौतुकाचा नव्हेच. तो पायरीचा शब्द. वरच्या पायरीवर कोण आणि खालच्या पायरीवर कोण, एवढेच तो सांगत असे. 1893 साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर गांधीजींना गाडीतून खाली उतरवले, तेव्हा त्यांच्या खिशात फर्स्टक्लासचेच तिकीट होते. तिकीट होते, पण कातडी त्या वर्गाची नव्हती!

आमच्या वेंगुर्ल्याला मात्र आगगाडी नव्हती. कोकण रेल्वे 1998 साली सुरू झाली, आणि आजही आम्हाला गाडी धरायला कुडाळला नाही तर सावंतवाडीला जावे लागते. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली, 1812 मध्ये गाव इंग्रजांकडे गेले. जे जे परके आले ते बहुधा समुद्रावरून. शब्दांचेही तसेच. 'ए-वन' हा त्या फर्स्टक्लासाचा सख्खा भाऊ. आमच्या बाजारात काजूगराला सर्रास लावला जाणारा हा शेरा खरोखरच जहाजाचा आहे. लंडनच्या 'लॉइड्स रजिस्टर'मध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गलबतांची प्रत लिहून ठेवीत. सांगाडा धडधाकट असला तर 'ए', आणि नांगर, दोरखंड वगैरे सरंजाम चोख असला तर 'एक'. दोन्ही जमले की गलबत 'ए-वन'!

पण इंग्रजांनाच कशाला बोल लावायचा? 'अव्वल' हा शब्द घ्या. मूळ अरबी, फारसीच्या दरबारातून मराठीत आला, अर्थ 'पहिला'. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून असे आणि त्याला कोणी परका म्हणत नसे. 'खासा', 'नामी' हे शब्दही तिकडचेच. राज्ये गेली, त्यांनी मागे ठेवलेले वाहवाचे शब्द राहिले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हापासून मराठीच्या शुद्धतेची काळजी जाणते लोक वाहत आले आहेत. पुढे रत्नागिरीस स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. 'दिनांक', 'महापौर' हे त्यांचे शब्द आपण आज बिनदिक्कत वापरतो. मास्तर म्हणून मी त्या बाजूचाच. पण 'फर्स्टक्लास'पुढे कोणाची मात्रा चाललेली दिसत नाही. त्याचे एक कारण व्याकरणात आहे. चांगला, चांगली, चांगले अशी लिंगवचनाची कटकट त्याला नाही. आमटी फर्स्टक्लास, पाऊस फर्स्टक्लास, झोपही फर्स्टक्लास लागते. आणि कोणी टोपी घातली तर 'फर्स्टक्लास फसवलंन' असेही आपण म्हणतो.

दुसरे कारण मला माझ्या आजीने शिकवले. तिच्या काळी मुंबईला जायचे ते बोटीने. बोट लांब समुद्रात उभी राही, पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जायचे, आणि मग खालच्या डेकवर बोचकी, कोंबड्या आणि ओकाऱ्या यांच्यात वळकटी पसरायची. वरच्या वर्गाचा जिना तिने खालूनच पाहिला. तरीही हा शब्द दिवसातून दहा वेळा तिच्या तोंडी असे.

मॅट्रिकला मी कसाबसा काठावर पास झालो. त्या दिवशी घरात कोणी माझ्याशी बोलेना. वडील पडवीत पाठ करून बसले होते. शेजारच्या मुलाला फर्स्टक्लास मिळाला होता, त्याचे पेढे आमच्याच देव्हाऱ्यापुढे ठेवलेले. आजीने मला स्वयंपाकघरात बोलावले, पानावर बसवले आणि विचारले, "पास झालंस मां?"

मी मान हलवली.

"मगे फस्कलास झाला!" असे म्हणून तिने भातावर कालवण वाढले.

ज्या शब्दाने साहेबाने तिला आयुष्यभर खालच्या डेकवर बसवले, तोच शब्द तिने उचलला, त्याच्या पायऱ्या मोडून टाकल्या आणि ज्याला द्यावासा वाटला त्याला देऊन टाकला. रेल्वेचा तिसरा वर्ग सरकारने 1974 साली बंद केला. आमच्या स्वयंपाकघरांतून तो त्याआधीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची वही पुन्हा मागून घेतली. समासातले 'उत्तम' खोडले आणि तांबड्या रेघेखाली बारीक अक्षरात लिहिले, 'बरोबर आहे.'

वाचकहो, या दिवाळीत चकली खुसखुशीत झाली, तर करणारीला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.