खारेपाटातील गावे (पेण व रोहा तालुके)

रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या धरमतर खाडीलगत आणि कुंडलिकेच्या मुखाकडे खाजणाला, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीला, बांध घालून काढलेल्या सखल भातजमिनीच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. पेण तालुक्यातील वाशी, वढाव, शिर्की, मसद, काळेश्री ही गावे या पट्ट्यात येतात. रोह्याच्या बाजूला यशवंतखारसारख्या गावाच्या नावातच खार, म्हणजे अशी बांध घालून काढलेली जमीन, आहे. वस्ती उंचवट्यावर दाटीने असते. भोवतीची शेते उधाणाच्या पातळीपेक्षा खाली असतात. त्यामुळे या गावांची लोकवस्ती, पीक आणि स्थलांतर समजून घ्यायचे तर सुरुवात बांधापासून करावी लागते.

खाडीच्या तोंडावरचा मुख्य बांध म्हणजे बाहेरकाठा. तो खाजणातल्याच चिखलाचा असून लाटेच्या बाजूला दगड लावलेले असतात. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. भरतीच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. झडप कुजली किंवा खेकड्यांनी बांध पोखरला की पाणी झिरपू लागते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला भगदाड, म्हणजे खांड, पडते. खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असताना. चिखलाची ढेकळे कापून माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे द्यायची आणि पुढच्या भरतीआधी तोंड बंद करायचे. ते जमले नाही तर केलेले काम वाहून जाते. या सामूहिक कामाच्या व्यवस्थेला जोळ म्हणत. ज्याचे शेत बांधाच्या आत, त्याच्या घरचा माणूस जोळीला येई. एकदा खारे पाणी शिरले की जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

बांध कोणी राखायचा, यावर इथली जमीनधारणा ठरली. १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये पेणच्या खारजमिनींचे शिलोत्री आणि कुळारग असे दोन वर्ग दिले आहेत. शिलोत्री खारांत बाहेरचे बांध शिलोत्रीदार राखी आणि त्याबद्दल बिघ्यामागे मणभर धान्य घेई. कुळारग खारांत हे काम रयतच करी. शिलोत्रीदाराने मण घ्यावा आणि बांध मात्र कुळांनी राखावा, अशा तक्रारी होत्या. त्यांत तथ्य किती, हे खारागणिक वेगळे असावे. कुळांनी जमीनमालकाला द्यायच्या खंडाचा प्रश्नही पुढे साऱ्या जिल्ह्यात पेटला. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. १९४८ चा कूळकायदा आणि त्यानंतरच्या खोती (मध्यस्थ जमीनदारी) निर्मूलनाने कुळे मालक झाली. १९४८ मध्येच खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे १९७९ च्या अधिनियमाने शासकीय योजनेतील बांध खारभूमी खात्याकडे गेले. जोळ मोडली ती याच काळात. बांध सरकारचा झाला आणि गावाचा हात सुटला. खारेपाटाच्या पडझडीचे हे मोठे कारण मानावे लागते.

पीक मुख्यतः एक, पावसाळी भात. पहिल्या सरींनी मीठ धुतले गेले की चिखलात मोड आलेले बी फेकतात. या पद्धतीला रहू म्हणतात. डोंगरालगतच्या गावांत राब (पालापाचोळा) भाजून रोपे तयार करतात आणि लावणी करतात. काळा राता, भुरा राता हे जुने खारे भात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ व ३ या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या. कापणीनंतर गोड्या जमिनीत वाल येतो. गावतळ्यांतला जिताडा हे जोडउत्पन्न असून त्याला चांगला भाव मिळतो.

लोकसंख्येत खारेपाटात आगरी बहुसंख्य आहेत. खाडीकाठी कोळी, वरकस भागात कुणबी व मराठा, आणि डोंगराकडच्या वाड्यांत ठाकूर व कातकरी राहतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. जनगणनेचे आकडे या ये-जेचा अंदाज देत नाहीत.

रोहा तालुक्यात चित्र वेगळे आहे. टाटांचे भिरा वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या मुळशी जलाशयाचे पाणी वीज निर्माण करून बारमाही कुंडलिकेत येऊ लागले. कोलाडजवळ डोलवहाळ बंधाऱ्यावर ते कालव्यांत वळवले जाते. त्यामुळे कालव्याखालच्या गावांत उन्हाळी भात होतो. कोलाडचा राफ्टिंगचा धंदाही याच पाण्यावर चालतो. धाटावची औद्योगिक वसाहत आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प यांनी शेतकरी घरांत पगार आणला. कुंडलिकेच्या प्रदूषणाबद्दल तक्रारी आहेत.

पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आणि गणेशमूर्तींचे कारखाने ही बिगरशेती रोजगाराची मुख्य ठिकाणे आहेत. हमरापूर व जोहे या गावांत मूर्तिकाम वर्षभर चालते. कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात, आखणीचे व रंगाचे काम स्त्रियाही करतात. पापड व पोहे हा घरगुती व्यवसाय.

हेटवणे धरण सिंचनासाठी बांधले गेले, पण त्याचे पाणी नवी मुंबईलाही जाते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न आला तेव्हा या धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेण्यात आले. कल विरोधाचा होता, असे वृत्तांत सांगतात. प्रकल्प उभा राहिला नाही.

खांडी न बुजवलेल्या खारांत तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, वाढली आहेत. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडण्यास बंदी आहे. सातबारावर भातशेत आणि जागेवर तिवर, अशा जमिनींबाबत शेतकरी व वन खाते यांच्यातील वाद मिटलेला नाही.

खाडीकाठची मिठागरेही बहुतेक बंद पडली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी वाशी-शिर्की भाग शहापाडा धरणावरील योजनेवर अवलंबून असून उन्हाळ्यात टँकर लागतो.