घोड्याची खोड, गाडीची खोड

आमच्या बाभुळगावकडे बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, मग चालवून पाहतो आणि शेवटी चार माणसांसमोर विचारतो, "काही खोड तर नाही ना?" तोच माणूस जुनी जीप घेताना रंग पाहून पैसे मोजतो. आठ दिवसांत इंजिनाने मान टाकली की विकणारा म्हणतो, "तुम्ही विचारलंच नाही!" या उत्तरामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८७२च्या करार कायद्यात, कलम १७खाली एक घोडा उभा आहे. तो सदोष आहे हे मालकाला ठाऊक असते. लिलावात तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारा म्हणाला, "तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजतो," आणि तरीही मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. एका वाक्याने पारडे फिरते.

इस्लामी धर्मशास्त्राने भार विकणाऱ्यावरच टाकला. 'खियार-उल-ऐब' म्हणजे लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क. हा ऐब शब्द आपल्या मराठीतही रुळला आहे.

१९३०च्या मालविक्री कायद्याने 'घेणाऱ्याने सावध राहावे' हे तत्त्व ठेवले. पण व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा, अशी अटही घातली. तपासताना दिसायलाच हवा होता, त्या दोषाची तक्रार मात्र चालत नाही.

हक्क होता, पण दिवाणी कोर्टाची पायरी परवडत नव्हती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. २४ डिसेंबर १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. त्यामुळे नागपूरच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीची तक्रार आपल्याला यवतमाळच्या जिल्हा आयोगात करता येते, तीही दोन वर्षांच्या आत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पोटासाठी स्वतः जीप चालवणाराही ग्राहकच. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घेण्याचे नियमही एप्रिल २०२३पासून आले.

पण शेजाऱ्याने स्वतःची गाडी विकली, तर तो व्यापारी नव्हे. तिथे ग्राहक आयोग नाही. तिथे १८७२चा घोडाच उभा आहे. म्हणून बैलबाजारातली रीत सोडू नका. अपघात झाला होता का, इंजिन उघडले होते का, कर्ज बाकी आहे का, हे साक्षीदारांसमोर विचारा आणि उत्तर सहीनिशी लिहून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)