काविळीवर प्रकाशाचा उपाय

नवजात अर्भकांपैकीं निम्म्याहून अधिक अर्भकें पहिल्या आठवड्यांत थोडींबहुत पिंवळीं दिसतात. रक्तांतील तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे बिलिरुबीन नांवाचें पिंवळें द्रव्य उत्पन्न होतें. तें बाहेर टाकण्याचें काम यकृताचें. परंतु अर्भकाचें यकृत प्रारंभीं त्या कामास पुरें पडत नाहीं. बहुधा हा पिंवळेपणा आपोआप ओसरतो. मात्र द्रव्याचें प्रमाण फार वाढलें, तर तें मेंदूंत शिरून बहिरेपण, अवयवांची विकृति, प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. १९५० च्या सुमारास अशा वेळीं खात्रीचा उपाय एकच होता : अर्भकाचें रक्त थोडें थोडें काढून त्याजागीं दुसऱ्याचें रक्त भरणें. एवढ्याशा जिवाला तो धोक्याचाच होता.

१९५६ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमधील एसेक्स परगण्यांत, रॉचफर्ड येथील रुग्णालयांत, सिस्टर वॉर्ड ह्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांची व्यवस्था पाहत. हवा चांगली असली म्हणजे त्या मुलांना अंगणांत उन्हांत नेत. एके दिवशीं फेरीवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनीं एक मूल उघडें करून दाखविलें. सर्वांग फिकें, पण एक त्रिकोणी भाग गडद पिंवळा ! तेथें कांहीं औषध चोपडलें असावें, असें डॉक्टरांस वाटलें. वस्तुतः तेवढ्याच भागावर चादरीचें टोंक आलें होतें. बाकीच्या अंगाची कावीळ उन्हानें उतरली होती.

पुढें कांहीं आठवड्यांनीं काविळीच्या रक्ताची एक नळी उन्हांत राहून गेली. तपासणींत तींतील बिलिरुबीन अपेक्षेहून बरेंच कमी भरलें. तेव्हां क्रेमर, पेरीमन व रिचर्ड्स यांनीं निळसर दिव्यांखालीं मुलांना ठेवून प्रयोग केले व १९५८ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केले. अमेरिकेंत ही गोष्ट पटण्यास ल्यूसी व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९६८ चे प्रयोग व्हावे लागले. निळ्या प्रकाशानें बिलिरुबीनच्या कणांची घडण बदलते आणि यकृताच्या संस्कारावांचूनही तें पित्तावाटें व मूत्रावाटें बाहेर पडूं शकतें, हा उलगडा तर त्याहूनही मागाहून झाला.

महाराष्ट्रांत तान्ह्या मुलास कोवळ्या उन्हांत धरण्याची चाल घरोघर आहे. परंतु उन्हाचें माप ठरवितां येत नाहीं, दिव्याचें येतें. यास्तव पहिल्या चोवीस तासांतच पिंवळेपणा दिसला, किंवा मूल सुस्त झालें, अंगावर पिईनासें झालें, तर उन्हावर विसंबून न राहतां त्याचें रक्त तत्काळ तपासून घ्यावें.