जनरल मॅनेजर बदलला की हॉकीचाहते अस्वस्थ का होतात?

उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये सामन्याचा संघ प्रशिक्षक ठरवतो. मात्र खेळाडूंचे करार, अदलाबदल, ड्राफ्टमधील निवड आणि प्रशिक्षकाची नेमणूक हे सगळे जनरल मॅनेजर पाहतो. पगारखर्चाला लीगची मर्यादा असल्याने एक चुकीचा करार अनेक वर्षे भोवतो. म्हणूनच चाहते नव्या माणसाचे जुने व्यवहार तपासतात.

टोरांटो मेपल लीफ्सने १९६७ नंतर स्टॅनली कप जिंकलेला नाही. २०२३ मध्ये त्यांनी ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांना नेमले. त्याआधी ते कॅल्गरी फ्लेम्सचे जनरल मॅनेजर असताना, २०२२ मध्ये जॉनी गॉड्रो करार संपताच निघून गेला, तर मॅथ्यू टकाचकला फ्लोरिडाला द्यावे लागले. टोरांटोच्या चाहत्यांना धास्ती होती ती याचीच. २०२५ मध्ये त्यांचाही मिच मार्नर वेगासला गेला.