मुलूख पारखावा तो वाईट साली



गेली काही वर्षे आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "गुरुजी, मुलाला दोन देशांतून बोलावणे आले आहे. एकीकडे पगार मोठा, दुसरीकडे जगणे सुखाचे असे म्हणतात. कोठे धाडावे?" आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, परदेश आम्ही पाहिलेला नाही. तथापि शाळेत पस्तीस वर्षे इतिहास शिकविला आहे, आणि हा प्रश्न इतिहासास नवा नाही. किंबहुना आपल्यापैकी पुष्कळांची घराणी या यवतमाळ जिल्ह्यात आली ती याच प्रश्नाचे एक उत्तर देऊन.

इ. स. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पैनगंगेच्या दक्षिणेस मोगलाई राहिली व उत्तरेस इंग्रजी अंमल आला. एक नदी ओलांडली की मुलूख पालटत असे. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. सारा तीस वर्षांकरिता ठरलेला, आणि तो भरला तोवर जमीन कुळाची. ती मुलास देता येई, विकताही येई. मक्त्याच्या वसुलीने गांजलेल्या शेतकऱ्यास हे मोठेच आमिष होते. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कधी नव्हे एवढे चढले. १८६४ साली आपला जिल्हा आग्नेय वऱ्हाड या नावाने प्रथम वेगळा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणविला गेला व १९०५ पासून यवतमाळ. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. चहूकडून माणसे वऱ्हाडात लोटली. "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण ज्यांच्या कानी गेली, त्यांत आमचे खापरपणजेही होते. एक बैलजोडी व दोन भांडी घेऊन ते पैनगंगा उतरले, असे घरात सांगत आले आहेत.

त्यांची निवड चुकली काय? आम्ही तसे म्हणणार नाही. त्यांस जमीन मिळाली, घर बांधता आले. परंतु संधीच्या पोटातच संकट होते. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले व भाव कोसळले. जी जमीन विकता येते ती गहाणही पडते, हेही लवकरच कळून आले. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की कापसाचे शेत वाढले तसे ज्वारीचे आटले. पूर्वी गावोगाव जमिनीत पेवे असत. एका सालची ज्वारी दुसऱ्या सालास पुरे. रुपया हाती येऊ लागल्यावर पेव भरण्याची निकड वाटेनाशी झाली. दाणा बाजारात मिळतोच, मग साठवावा कशाला?

त्याचे उत्तर १८९९-१९०० च्या दुष्काळाने दिले. विक्रम संवत १९५६ चा म्हणून लोक त्यास छप्पनचा दुष्काळ म्हणत. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. ज्या प्रांतात माणसे धन मिळवावयास येत होती, त्याच प्रांतातून सुमारे दीड लाख माणूस उणे झाले. आमचे आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. आम्ही लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकले आहे की घरात कापसाचे थोडे रुपये होते, पण दाणा नव्हता. शेजारच्या एका वृद्ध पाटलीणबाईंनी जुन्या चालीप्रमाणे पेव राखले होते; त्यातील ज्वारीवर आमचे घर जगले. आजोबा म्हणत, "मुलूख पारखावा तो वाईट साली. चांगल्या साली सगळेच मुलूख गोड असतात."

या वचनात एक गोष्ट अध्याहृत आहे. वाईट साल आले असता आपणांस आपले म्हणणारे तेथे कोणी असावे लागते. परदेशी ही बाब शेजाऱ्याच्या दयेवर नव्हे, तर कायद्यावर अवलंबून असते. आपल्या जिल्ह्याचे भूषण लोकनायक बापूजी अणे, ज्यांचा जन्म १८८० साली वणी येथे झाला, ते १९४३ ते १९४७ या काळात सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. तेथील चहाच्या मळ्यांत तामिळ मजुरांच्या पिढ्या राबल्या होत्या. त्या बेटाची संपत्ती पुष्कळ अंशी त्यांच्या घामाची. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न तेव्हाच धुमसत होता. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने यांतील बहुतेक लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाव्हो कराराने ५ लाख २५ हजार भारताच्या वाट्यास व ३ लाख सिलोनच्या वाट्यास, अशी माणसांची वाटणी झाली. ज्यांनी काम मिळविले पण हक्क मिळविला नाही, त्यांची ही कथा आहे.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने, महबूब उल हक यांच्या पुढाकाराने, देश मोजण्याचे नवे माप काढले: केवळ उत्पन्न नव्हे, तर आयुर्मान व शिक्षणही. त्या मापाने पाहता अमेरिकेचे दरडोई उत्पन्न जर्मनीहून अधिक, पण आयुर्मान कमी. जर्मनीत कामगारांचा आजारविमा १८८३ पासून आहे, आणि आठवड्यास पाच दिवस काम करणाऱ्यास वर्षाकाठी किमान वीस दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यात खाजगी नोकरास अशी रजा नाही, आणि पुष्कळांचा आजारविमा नोकरीस बांधलेला असतो. उलट जर्मनीत कर जड, पगार बेताचा आणि भाषा शिकण्यास कष्टाची. आखाती देशांत पगारावर सहसा प्राप्तिकर नाही, पण बाहेरच्या कामगारास नागरिकत्वाचा दरवाजा जवळजवळ बंद. सर्व गुण एकाच मुलखात कोठेही नाहीत.

येथे आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. २०१६ साली आमच्या चिरंजीवांपुढे हेच दोन देश होते. त्यांनी आम्हांस विचारले. जन्मभर मुलांना छप्पनचा दुष्काळ शिकविणाऱ्या आम्ही कागदावर दोन पगार मांडले आणि मोठ्या आकड्याखाली रेघ ओढली. अमेरिकेस जा म्हटले. २०२० मध्ये साथ आली, नोकरी गेली. त्यांच्या परवान्याच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवावी किंवा देश सोडावा. आणि विमानवाहतूक तर जवळपास बंद. सूनबाई गरोदर होत्या. विमा नोकरीबरोबर जाणारा. त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली, नातही सुखरूप जन्मली. परंतु ते त्रेपन्न दिवस आम्ही उभयतांनी कसे काढले, ते आमचे आम्हांस ठाऊक. चिरंजीव आजही तेथेच आहेत व समाधानी आहेत. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. दोष आम्हीच आम्हांस देतो, तो अमेरिकेस धाडल्याचा नव्हे, तर दुसरा प्रश्न न विचारल्याचा.

कोणी म्हणेल, मग मुलांनी येथेच राहावे. तसा उपदेश आम्ही करणार नाही. ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना शेतकऱ्यांकरिता वेगळी मदत जाहीर करावी लागली, त्यांत आपला जिल्हा होता. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. येथून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलास लोभी म्हणणे हा अन्याय होय.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच की पगार अवश्य विचारा; खापरपणजांनीही भाव विचारूनच नदी ओलांडली होती. पण त्याच कागदावर आणखी तीन प्रश्न लिहा. नोकरी गेली तर तेथे किती दिवस राहता येईल? अंथरूण धरले तर खर्च कोण उचलील? आणि वीस वर्षे राबल्यावर तो देश आपल्या मुलास आपला म्हणेल काय? या तिहींची उत्तरे पाहून मग दोन आकडे तोलावे. आणि जो मुलूख निवडाल तेथे पहिल्या वर्षापासून थोडे पेव भरीत जावे: काही पैशाचे, काही माणसांचे.

परवा एक ज्ञातिबंधू मुलीकरिता हाच प्रश्न घेऊन आले. आम्ही त्यांना कोणत्याही देशाचे नाव सांगितले नाही. कोरा कागद पुढे केला आणि मुलीलाच बोलावून घेण्यास सांगितले.