एका जीवाणूचे दोन डेल्टा

१/ हॉटेलात ‘बासा’ या नावाने ताटात येणारा पांढरा, बिनकाट्याचा मासा अनेकदा व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातील तळ्यात वाढलेला असतो. या माशाला ‘कॅटफिश’ म्हणावे की नाही, यावरून २००१ ते २००३ या काळात अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्यात मोठा व्यापारी तंटा झाला. त्याच सुमारास एका जीवाणूने या प्रश्नाचा निकाल आपल्यापुरता लावला होता. आजचा थ्रेड त्या जीवाणूविषयी.

२/ आरंभ मिसिसिपी राज्यात. तेथील ‘डेल्टा’ नावाचा मैदानी पट्टा म्हणजे कापसाचे राज्य, आधी गुलामांच्या आणि पुढे वाटेकऱ्यांच्या श्रमावर उभे राहिलेले. १९६५ च्या सुमारास तेथे मत्स्यशेतीची व्यापारी तळी सुरू झाली. पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण मातीत बांध घातले गेले आणि २००० च्या आसपास एकट्या मिसिसिपीत एक लाख एकरांहून अधिक क्षेत्र तळ्यांखाली होते.

३/ मासा होता ‘चॅनल कॅटफिश’, शास्त्रीय नाव इक्टॅल्युरस पंक्टॅटस. मिशाळ, बिनखवल्याचा, आपल्या मांगूर आणि शिंगाळ्याचा दूरचा भाऊबंद. नदीत विखरून राहणारा हा जीव तळ्यात एकरी हजारोंच्या संख्येने कोंडला गेला. दाट वस्ती आणि साथ यांचे नाते इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

४/ १९७६ मध्ये अलाबामा आणि जॉर्जियातील तळ्यांतले आजारी मासे ऑबर्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले. जॉन हॉक यांनी त्यांतून एक अपरिचित जीवाणू वेगळा केला आणि १९७९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये त्याला नाव मिळाले ‘एडवर्डसिएला इक्टॅल्युरी’. पूर्वार्ध अमेरिकी जीवाणुशास्त्रज्ञ फिलिप एडवर्ड्स यांच्या स्मरणार्थ, उत्तरार्धाचा अर्थ ‘इक्टॅल्युरसचा’. म्हणजे यजमानाचा पत्ता नावातच कोरलेला!

५/ हा जीवाणू दोन वाटांनी शिरतो. आतड्यातून गेला तर रक्तात पसरतो, अंगावर लाल ठिपके उठतात. नाकपुड्यांतून गेला तर गंधाच्या मज्जातंतूने थेट मेंदू गाठतो. मग मासा गरगर फिरतो, डोके वर करून पाण्यात लोंबकळतो. अखेरीस कवटीचे हाड झिजून माथ्यावर भोक पडते. म्हणून शेतकरी त्याला ‘डोक्यातल्या भोकाचा रोग’ म्हणत.

६/ पाण्याचे तापमान साधारण २२ ते २८ अंश सेल्सिअस असले की साथ भडकते, म्हणजे वसंतात आणि शरदात. सर्वाधिक बळी बोटभर लांबीच्या पिल्लांचे. शेतकऱ्याच्या पुढील हंगामाची पुंजी तीच.

७/ औषध खाद्यात मिसळून द्यायचे. पण आजारी मासा खातच नाही. शिवाय खाण्याच्या वेळी होणारी गर्दी आणि विष्ठेने दूषित झालेले पाणी हाच प्रसाराचा मार्ग. त्यामुळे अनेकांनी उलटी वाट धरली आणि साथीच्या दिवसांत खाद्यच थांबवले. मासे वाचत, वाढ मात्र खुंटे.

८/ पुढे ऑबर्न येथे फिलिप क्लेसियस आणि क्रेग शूमेकर यांनी जिवंत पण दुर्बल केलेल्या जीवाणूची लस तयार केली. काही दिवसांच्या पिलांना लसीच्या पाण्यात बुडवून ती देत. इतक्या कोवळ्या वयात प्रतिकारशक्ती पुरती विकसित झालेली नसते, ही तिची अडचण. मिसिसिपीतील संशोधकांनी नंतर जरा मोठ्या पिलांसाठी खाद्यातून देण्याची लस विकसित केली.

९/ या उद्योगाचे आणखी एक अंग तळ्याबाहेर होते. १९९० मध्ये इंडियानोला येथील ‘डेल्टा प्राइड’ या मासे-प्रक्रिया कारखान्यातील सुमारे ९०० कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. कापूस गेला, तरी श्रमाची उतरंड तीच राहिली होती.

१०/ आता मेकाँग. तेथील ‘ट्रा’ मासा वेगळ्या कुळातला. तळ्यांतून हेक्टरी २०० टनांहून अधिक उत्पादन निघू लागले आणि स्वस्त फिले अमेरिकेत पोहोचले. तेथील मत्स्यशेतकऱ्यांनी सरकारकडे धाव घेतली. २००२ च्या शेती कायद्याने ठरवले की ‘कॅटफिश’ हे नाव केवळ इक्टॅल्युरिडी कुळाचेच. २००३ मध्ये व्हिएतनामी माशांवर सुमारे ३७ ते ६४ टक्के अँटी-डंपिंग शुल्क बसले.

११/ याच काळात मेकाँगची तळी एका रोगाने ग्रासली होती. यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांवर पांढरे ठिपके आणि पाठोपाठ मरतुक. २००१ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. कारक जीवाणूची ओळख पटली २००२ मध्ये: एडवर्डसिएला इक्टॅल्युरी.

१२/ योगायोग पाहा. ज्या वर्षी अमेरिकी कायद्याने ‘हा मासा इक्टॅल्युरिडी नाही, म्हणून कॅटफिशही नाही’ असे सांगितले, त्याच वर्षी ‘इक्टॅल्युरसचा’ जीवाणू त्या माशात सापडल्याचे प्रसिद्ध झाले. जीवाणूला कुळाचे नाव अडले नाही. त्याला हवी होती गर्दी आणि मानवेल असे तापमान. दोन्ही डेल्ट्यांनी ती पुरवली.

१३/ व्हिएतनाममध्येही प्रतिजैविकांचा मारा झाला. त्याच दशकात तपासलेल्या जीवाणूंपैकी बहुतेक स्ट्रेप्टोमायसिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन यांना दाद देईनासे झाले होते. लहान तळेवाल्याकडे मग उरले काय? मेलेले मासे उपसणे आणि खाद्याची उधारी.

१४/ कथेचा शेवट अमेरिकी संसदेत. २०१४ च्या शेती कायद्याने मांस-तपासणीच्या कडक नियमांत मिशाळ माशांचा अख्खा गणच आणला, आणि व्हिएतनामी मासाही त्यात आला. आयात रोखायला सोयीचे होते तेव्हा तो कॅटफिश नव्हता. तपासणी लादायला सोयीचे झाले तेव्हा तो त्याच पंक्तीत बसला.

१५/ नावे सत्ता ठरवते, ती का ठरवते हे इतिहासाने विचारावे. या प्रकरणात शुल्काच्या भिंती दोन्हीकडच्या तळेवाल्यांमध्ये उभ्या राहिल्या. पहाटे बांधावर जाऊन पाण्यावर तरंगणारी पिल्ले मोजण्याची वेळ मात्र दोघांवरही सारखीच आली.