ह्यात नवीन काय?

गेल्या जूनमधला एक रविवार. मुलुंडहून स्लो लोकल पकडली, घाटकोपरला उतरलो आणि मित्राच्या गाळ्यावर पोचलो. गाळा त्याच्या वडिलांचा. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीवर ग्रीसच्या बोटांचे ठसे. मित्राने साबणाच्या वडीएवढी एक डबी माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "पेटंट मिळेल ना?"

ती डबी म्हणजे ॲक्च्युएटर. सोप्या भाषेत, विजेवर चालणारा हात. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह वॉचमनऐवजी ह्याने फिरवायचा. आत छोटी मोटर. मोटर वर्म फिरवते, म्हणजे आटे असलेला दांडा. वर्म दातेरी चाक फिरवतो आणि चाक व्हॉल्व्ह फिरवतं.

मित्राची खरी युक्ती पुढे होती. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला, की चाक अडतं. मोटर मात्र फिरतच असते. मग वर्म अडलेल्या चाकावर स्क्रूसारखा फिरत स्वतःच मागे सरकतो, मागची स्प्रिंग दाबतो आणि स्विच पडतो. मोटर बंद. क्षार साचून व्हॉल्व्ह मध्येच अडकला तरी तेच. मोटर जळत नाही. हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मार्चमध्ये त्याने नोकरी सोडली होती. सगळी बचत ह्या डबीत होती.

मी सॉफ्टवेअरवाला. पण ऑफिसात वर्षभर पेटंट शोधायच्या कामावर होतो, म्हणून त्याने मला विचारलं. दोन रात्री जागून मी शोध घेतला. तिसऱ्या दिवशी त्याला सांगावं लागलं, की मागे सरकणारा वर्म आणि त्यामागची स्प्रिंग ही युक्ती रिफायनऱ्या आणि पॉवर स्टेशनच्या मोठ्या व्हॉल्व्हवर कित्येक दशकं वापरात आहे.

"अरे, पण ते हत्तीएवढे असतात! एवढ्याशा डबीत कुणी केलंय का?"

"छोटं करणं म्हणजे शोध नाही."

तो फोन ठेवून गेला. पुढचे दोन आठवडे आम्ही बोललो नाही. मी बरोबर बोललो होतो का, ह्याची मलाच खात्री नव्हती. म्हणून त्या दोन आठवड्यांत मी इतिहास वाचला. हा प्रश्न आमच्या आधी कुणाकुणाला पडला होता आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते पाहायचं होतं.

पंखा ओढणारं यंत्र

भारतातला पहिला पेटंट कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग नावाच्या इंजिनिअरने ३ मार्च १८५६ ला केला. शोध कसला? पंखा ओढणाऱ्या यंत्राचा.

तेव्हाचा पंखा म्हणजे छताला टांगलेली कापडाची लांब झालर. तिला दोरी. व्हरांड्यात बसलेला माणूस ती दोरी तासन्‌तास ओढत राहायचा. त्या माणसाचा हात काढून तिथे यंत्राचा हात बसवायचा, ही डिपेनिंगची कल्पना. म्हणजे ह्या देशातल्या पेटंटच्या इतिहासाची सुरुवातच एका अर्थाने ॲक्च्युएटरने झाली. मित्राच्या डबीने वॉचमनला गच्चीवर जायला लागू नये, तसं डिपेनिंगच्या यंत्राने पंखेवाल्याला दोरी ओढायला लागू नये.

तेव्हा त्याला पेटंट म्हणत नसत, 'एक्स्क्लुझिव्ह प्रिव्हिलेज' म्हणत. मुदत १४ वर्षांची. गंमत म्हणजे ह्या कायद्यात दुसऱ्याचा शोध परदेशातून इथे आणणारासुद्धा 'शोधक' ठरू शकत होता. हा कायदा ब्रिटिश राणीची मंजुरी न घेता केला म्हणून वर्षभरात रद्द झाला. १८५९ चा नवा कायदा आला आणि त्यात आयात करणाऱ्यांना शोधकाच्या व्याख्येतून वगळलं.

म्हणजे 'नवीन' ह्या शब्दाचा अर्थ पहिल्यापासून वादातच होता. कुणासाठी नवीन? ह्या गावासाठी, ह्या देशासाठी, की जगासाठी? मित्राचा प्रश्नही हाच होता. घाटकोपरच्या गच्चीवर ते नवीनच होतं.

सगळे तुकडे जुने, तरी

मोटरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खटला अमेरिकेतला. आज आपण ज्या लोकलला लटकतो, तिच्या डब्याखाली थ्री-फेज इंडक्शन मोटर असते. घरातल्या बहुतेक जुन्या पंख्यांत, पाण्याच्या पंपात तिचीच भावंडं. ह्या मोटरचं पेटंट निकोला टेस्लाला १ मे १८८८ ला मिळालं. वेस्टिंगहाऊस कंपनीने ते विकत घेतलं. पुढे इतरांनी तशाच मोटरी बनवायला सुरुवात केली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

प्रतिवादींचं म्हणणं ऐका, कारण ते माझ्यासारखंच होतं. ह्यात नवीन काय? फ्रान्सच्या अरागोने १८२४ च्या सुमारास दाखवलं होतं, की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे फिरू लागते. १८७९ मध्ये लंडनला वॉल्टर बेलीने चार इलेक्ट्रोमॅग्नेट हाताने आळीपाळीने चालू-बंद करून वरची चकती फिरवली होती. दिशा बदलणारा करंट, म्हणजे एसी, सगळ्यांना माहीत होता. टेस्लाने फक्त तुकडे जोडले.

१९०० साली कनेक्टिकटचे न्यायाधीश टाऊनसेंड ह्यांनी हे ऐकून घेतलं आणि पेटंट वैध ठरवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुकडे सगळ्यांसमोर वर्षानुवर्षं पडले होते, जाणकारही होते. पण करंटची सतत बदलणारी दिशा त्यांना मोटरच्या वाटेतली अडचण वाटत होती. टेस्लाने त्या अडचणीलाच कामाला लावलं. आता उत्तर सोपं दिसतं, पण म्हणून ते तेव्हाही सोपं होतं असं नाही.

हे वाचून मी जरा ओशाळलो. मीही मित्राची डबी बघून, मग गूगल करून, मग 'हे तर उघडच आहे' म्हणालो होतो. कोडिंगच्या इंटरव्ह्यूत उत्तर ऐकल्यावर आपण 'अरे, हे तर मलाही येत होतं' म्हणतो, तसंच.

मिर्झापूरची भांडी

पण मग एक निकाल उलटा सापडला, आणि तोही आपल्याकडचा.

उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. भांडं लेथवर चढवून घासायचं, चकाकी आणायची. भांडं एका बाजूनेच धरलेलं असे, त्यामुळे कधीकधी ते सुटून उडायचं आणि कामगाराला लागायचं. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज ह्या तिथल्या कंपनीने दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचा दाब देऊन भांडं पक्कं धरायची सोय केली. १९५१ चं पेटंट. गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम ह्या दुसऱ्या फर्मने तीच पद्धत वापरली आणि खटला सुरू झाला. अलाहाबाद हायकोर्टातच दोन वेगळी मतं पडली. शेवटी १३ डिसेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट रद्द ठरवलं.

कोर्ट म्हणालं, टेलस्टॉक जुना, त्याने वस्तू दाबून धरणं जुनं. लेथवर रोज काम करणाऱ्या कुशल कारागिराला हे सुचलंच असतं. ही वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही. उपयोग झाला, कामगारांची बोटं वाचली, सगळं खरं. पण उपयुक्त असणं पुरेसं नाही.

इथे मी थांबलो. टेस्लाचे तुकडे जुने, मिर्झापूरचे तुकडे जुने. एक शोध ठरला, एक नाही. फरक यंत्रात नव्हता. फरक त्या यंत्रासमोर कल्पनेने उभ्या केलेल्या माणसात होता. हा माणूस त्या धंद्यातला जाणकार. अलौकिक बुद्धीचा नाही आणि नवखाही नाही. हे तुकडे त्याच्यासमोर ठेवले असते, तर हातासरशी त्याने ते असेच जोडले असते का?

मिर्झापूरचा निकाल १९११ च्या जुन्या कायद्याखालचा. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार ह्यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. आपल्याकडची बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांची आणि त्यातली फारच थोडी इथे प्रत्यक्ष वापरात, हे चित्र त्यांनी मांडलं. त्यावरून १९७० चा कायदा झाला, २० एप्रिल १९७२ पासून लागू. पुढे २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी शोधाची पायरी म्हणजे काय हे कायद्यातच लिहिलं: आजवरच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक पाऊल पुढे पडलेलं हवं किंवा त्याला आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही, शिवाय ते जाणकाराला उघड दिसणारं नको. ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नाही, हेही कायदा सांगतो.

छोटं केलं म्हणून?

आता मित्राचा मुद्दा. मोठ्यात होतं, मी छोट्यात केलं. ह्यासाठी दूर जायची गरज नाही, पुण्याचं बजाज पुरे.

बजाज ऑटोला जुलै २००५ मध्ये एका इंजिनाचं पेटंट मिळालं. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. हेच ते पल्सरवरचं डीटीएस-आय. २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' नावाची बाइक आणली, तिलाही दोन प्लग. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग जगाला ठाऊक आहेत, होंडाचं जुनं पेटंट आहे, आणि आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत. बजाज म्हणे, एवढ्या छोट्या सिलिंडरमध्ये पेट्रोलचं पातळ मिश्रण नीट पेटवणं हाच आमचा शोध.

फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास हायकोर्टाने टीव्हीएसला अंतरिम मनाई केली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने विक्री चालू ठेवू दिली, हिशेब ठेवायला सांगितलं आणि खटला लवकर संपवा म्हणून बजावलं. दोन्ही कंपन्यांनी अखेर २०१९ मध्ये समेट केला. छोटं करणं हा शोध होता का, ह्याचा शेवटचा निकाल लागलाच नाही.

पण बजाजचा युक्तिवाद मला कळला. नुसतं छोटं करणं आणि छोटं करताना आलेली नवी अडचण सोडवणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मित्राला विचारायला हवं होतं: छोटं करताना तुला काय नडलं?

जाणकार

तेच विचारायला मी पुन्हा गाळ्यावर गेलो. मित्र गप्प होता. काका, म्हणजे त्याचे वडील, लेथवर होते. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात त्यांनी एकवीस वर्षं मेन्टेनन्स फिटर म्हणून काढली. तो कारखाना आता नाही, तिथे टॉवर उभे आहेत. मी डबी उघडून त्यांच्यासमोर धरली. मुलाने ती कधी उघडून दाखवलीच नव्हती.

त्यांनी वर्मच्या टोकाला बोट लावलं, स्प्रिंग दाबून पाहिली. "हे आमच्या स्टीम लाइनवर होतं की. दर सहा महिन्यांनी ग्रीस भरायचो मी."

मित्राची मान खाली गेली. कायद्यातला काल्पनिक जाणकार माझ्यासमोर बनियनवर उभा होता आणि त्याने निकाल दिला होता.

"पण हे काय?" काकांनी वर्मच्या टोकाशी चिकटवलेल्या चुंबकाकडे बोट दाखवलं.

"ते काही नाही, जुगाड आहे," मित्र म्हणाला. "स्विच बसवायला जागाच उरली नाही शेवटच्या मॉडेलमध्ये. म्हणून चुंबक लावला आणि समोर एक सेन्सर. वर्म फिरला की सिग्नल वरखाली होतो, त्यावरून फेरे मोजतो. वर्म मागे सरकला की चुंबक लांब जातो, सिग्नलची उंची कमी होते. मग कळतं जोर किती लागतोय."

"म्हणजे एकाच सेन्सरवर व्हॉल्व्ह किती उघडलाय आणि किती जड झालाय, दोन्ही कळतं?" मी विचारलं.

"हो. क्षार साचायला लागले की महिनाभर आधी समजतं. का?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चुंबक पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "आमच्याकडे त्याला दोन वेगळे स्विच आणि एक अख्खी गिअरपेटी होती. हे असं करता येईल, असं मला नसतं सुचलं."

ज्याचा मित्राला अभिमान होता ते जुनं निघालं. ज्याची त्याला लाज वाटत होती त्यात कदाचित काही होतं. जुन्या युक्तीत वर्मचं मागे सरकणं फक्त स्विच पाडायचं. इथे ते फिरण्याच्याच सिग्नलवर दुसरी माहिती लिहीत होतं. तुकडे शेजारी मांडलेले नव्हते, एकमेकांत मिसळले होते.

आणखी तीन आठवडे आम्ही दोघांनी मिळून शोध घेतला. मग मित्राने ऑनलाइन १६०० रुपये भरून त्याच्या नावावर अर्ज टाकला. त्यात वर्म आणि स्प्रिंग जुनीच म्हणून लिहिली आहेत, मागणी फक्त चुंबक-सेन्सरच्या जोडीवर. अर्ज दाखल झाल्यावरच हे लिहितोय, नाहीतर हा लेखच उद्या आमच्याविरुद्ध पुरावा ठरला असता.

पुढे कधीतरी पेटंट ऑफिसातला एखादा परीक्षक, कदाचित आमच्याच वयाचा, ती फाइल उघडेल आणि विचारेल, ह्यात नवीन काय? त्याने तो प्रश्न कडक विचारावा. बेकायदा मक्तेदारी मित्रालाही नको आहे. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला वर्म आणि स्प्रिंग वापरता आलीच पाहिजे. फक्त उत्तर शोधताना त्याने काकांसारखं करावं. आधी ओळखीचं ते ओळखावं, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून एकदा पुन्हा पाहावं.